रकाना क्रमांक सात

दारव्ह्याच्या आयटीआयत, कडुनिंबाखाली
स्कूटी लावली. काखेत फाइल,
फाइलीत तीन वर्षांचा हिशेब:
सल्लागार संस्था पुण्याची, भेटी अकरा,
पुस्तिका दोनशे चाळीस, हेडफोन सोळा.
मला फक्त सांगायचं होतं
इंग्रजी सुधारलं का, त्यांच्यामुळे सुधारलं का.
एक ते पाच. योग्य आकड्याला गोल.

धोटे मॅडमनी चहा सांगितला,
मग लॅबची किल्ली शोधायला माणूस धाडला.
चहा आधी आला.
नऊ हेडफोन खोक्यातच होते,
उरलेल्या सातांचा फोम खारींनी नेलेला.
वर पत्र्याखाली कुठेतरी
पिल्लं अगदी मऊ झोपत असणार.
हाही परिणामच, अपेक्षित नसलेला.

धडा पहिला: विमानतळावर.
धडा दुसरा: हॉटेलात खोली मागताना.
पुढची पानं एकमेकांना चिकटलेली,
कुणी बोटसुद्धा ओलं केलं नव्हतं.

वायरमनच्या शेडमध्ये नेवारे सर.
फळ्यावर तीन वायरी खिळ्यांनी ठोकलेल्या.
"लाइव्ह," सर म्हणाले. वर्ग म्हणाला, "जित्ता."
"न्यूट्रल." "ना इकडचा ना तिकडचा."
"अर्थ."
वर्ग गप्प. मग मागून एक पोरगा,
"सर, थे त मराठीच हाये."
हसले सगळे. सरही हसले,
हिरव्या वायरीवर बोट ठेवून म्हणाले,
"ही जमिनीत जाते. तुटली
तरी दिवा लागतो, मोटर फिरते, सारं बराबर दिसते.
हात लावला की समजते."
मी ते समासात लिहिलं.

"हे संस्थेनं शिकवलं?"
"देवस्थळी म्हणून एक पोरगा यायचा.
एकदा त्याची यवतमाळची एसटी हुकली.
दुपारभर बसला या स्टुलावर,
पोरं बोलत, तो वहीत उतरवत गेला:
पेंचिस, होल्डर, फ्यूज, इस्क्रू डायवर.
जाताना म्हणाला, सर, दीडशे शब्द
यांना येतातच की, आपण शून्यापासून का मोजतो?
वही राहिली इथंच."
ग्रीसच्या अंगठ्यांनी काळी पडलेली वही
त्यांनी टेबलावर ठेवली, झटकली नाही.
"मग पुढच्या भेटीला?"
"पुढच्या भेटीला दुसरा आला. प्रोजेक्टर घेऊन."
एसटी हुकल्याची नोंद
अकरा भेटींच्या अहवालात नाही. मी दोनदा पाहिलं.

दामिनी कुमरे, वायरमन, दुसरं वर्ष,
वर्गात मुलगी एकटी.
बुटीबोरीच्या कंपनीत मुलाखत देऊन आलेली.
"त्यानं इंग्रजीत पुसलं,
म्या मराठीत सांगतलं,
मंग त्यानंच हिंदीत पुसलं."
"मग जमलं नाही म्हणायचं?"
"बोलनं नाई जमलं, मॅडम.
समजलं सारं. घड्याळाच्या ठोक्यावानी समजलं.
थे लिहा न."

रकाना सात: विद्यार्थी इंग्रजीतून
आत्मविश्वासाने बोलतात का?
समजण्याला रकाना नाही.
आणि अहवाल मला इंग्रजीत द्यायचा आहे,
चार पानं, महिनाअखेर,
त्यावर पुढच्या तीन वर्षांचं कंत्राट.
एक लिहिला तर नेवारे सरांची वही बुडते.
पाच लिहिला तर खारी हसतील.
मी तीनला गोल केला.
तीन म्हणजे
ना इकडचा ना तिकडचा.

निघताना शेडच्या मागे दामिनी
बादली घेऊन उभी, एका छोट्या खड्ड्यात
हळूहळू पाणी ओतत होती. झाड नाही, वेल नाही,
नुसता एक पाइप, भोवती मीठ आणि कोळसा.
"हे काय गं?"
"अर्थिंग," ती म्हणाली, वर न बघता,
"उनायात अर्थाले पानी पाजा लागते, मॅडम.
माती वाळली का थो काम करत नाई."

एप्रिलचं ऊन. स्कूटीची सीट तापलेली.
ती दुसरी बादली आणायला गेली.